शालिमारचं गाईड

शालिमारच्या फूटपाथवर घेतलेलं, निम्म्या किमतीत.
कव्हरवर आधीच्या मालकिणीचं नाव : वैजयंता पगार, दहावी ड.
आत नाटकातला राजा
चार मुद्द्यांत बसवलेला –
करारी. हट्टी. पुत्रवत्सल. शेवटी पश्चात्तापदग्ध.
गुण चार.

पश्चात्तापदग्ध हा शब्द मी
सातपूरच्या बसमध्ये घोकला,
दर वेळी 'दग्ध'ला थांबा यायचा.

पुस्तकात मात्र तिसऱ्या अंकात
मुलाचे जोडे हातात घेऊन राजा
काहीच बोलत नाही.
कंसात एवढंच : थांबतो.
गाईड तेवढ्यात पुढच्या प्रवेशात पोचलेलं.
समासात वैजयंताची पेन्सिल :
किती वेळ?

बोरस्ते मॅडमनी वर्गात वाचायला लावलं.
राजा हेमराज गांगुर्डे, एरवी अडखळणारा.
कंसापाशी आला आणि थांबला.
आम्ही आधी हसलो.
मग बाहेर पेठ रोडवरून द्राक्षांचा टेम्पो गेला,
त्यातले रिकामे क्रेटसुद्धा ऐकू आले.
मॅडम 'पुढे' म्हणाल्या नाहीत.

परीक्षेत चारही मुद्दे लिहिले.
साडेतीन मिळाले.
मे महिन्यात गाईड विकायला नेलं तर
दुकानदार म्हणाला, पेन्सिल खोडून आण,
पाच रुपये जास्त देतो.
मी आहे तेवढ्यातच दिलं.