तिसरा मजला, डावीकडून चौथी

करंट गेला तेव्हा मी बादली भरत होते.
नळ आधी खोकला, मग गप्प.
खाली काउंटरवरून सिद्राय ओरडला,
"ऐद मिनिटन्याग बरतैत्री!"
आणि तेच पुन्हा आमच्यासाठी,
"पाच मिनिटात येतंय बघा!"
दोन्ही भाषांत ती पाच मिनिटं
सव्वादोन तास चालली.

बेळगावात हा लॉज दवाखान्याच्या समोर.
इथे फिरायला कुणी येत नाही.
रजिस्टरात 'येण्याचे कारण' या रकान्यात
पानाच्या डोक्याला एकदाच लिहिलंय,
मग तळापर्यंत नुसतं
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

खोली दोनशे सहा. अर्धी मेणबत्ती
स्टीलच्या पेल्यात उभी,
पेल्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख.
मोबाइल चार टक्के.
आतून दिराचा फोन येईल तो यावरच,
रात्री आत एकालाच बसू देतात.

जिन्यातून माणसं चाचपत उतरली,
भिंत, कठडा, एकमेकांचे खांदे.
तीन दिवस दाराआड नुसत्या खोकणाऱ्या आवाजांना
आज नावं आली:
वाळपईच्या शेवंताबाई,
दांडेलीचे इनास मास्तर,
हारुगेरीचा बाळेश मगदूम.
बाळेशने टेंपो फाटकाशी आणून लावला,
"द्या की वो सगळ्यांनी, गाडीत चार्जिंग हाय."
एका पिनेला तीन वायरी.
पाळीपाळीने, माणशी दहा टक्के.

आम्ही पायरीवर. डास.
शेवंताबाईंनी चिरमुरे काढले,
कांदा, हिरवी मिरची, ओंजळीत ओंजळ.
मिरची कुठे आहे ते दाताखाली आल्यावरच कळायचं.

समोर दवाखान्याचा जनरेटर धडधडत होता.
अख्ख्या अंधारात तेवढीच इमारत जागी,
आणि प्रत्येकाने आपापली खिडकी धरून ठेवलेली.
माझी तिसरा मजला, डावीकडून चौथी.
हिरवट उजेड. एकदा कुणीतरी आडवं गेलं.
मास्तर म्हणाले, आमची पाचवी.
म्हणजे शेजारीच की आपण.
म्हटलं, हो, शेजारीच.

मग टेंपोत फोन वाजला.

सगळे उठलो. मांडीवरचे चिरमुरे सांडले.
आठ जण, एक रिंग,
कंपनीने सगळ्यांना दिलेली तीच,
आपली की दुसऱ्याची, कुणालाच ओळखेना.
बाळेश काचेतून आत वाकला.
त्याने फोन हाती घेऊन नाव वाचेपर्यंत
मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं
ते सांगणार नाही.

"आमचंच हाय की वो," तो ओशाळून म्हणाला,
"मनी. मनी म्हणजे घर."
म्हशीने दूध दिलं नव्हतं.
तो बराच वेळ बायकोला कानडीत समजावत राहिला,
आंबोण, पाणी, आणखी काहीतरी,
आणि आम्ही सगळे मन लावून ऐकत राहिलो
जणू आमचीच म्हैस.
शेवंताबाई खाली बसून
एकेक चिरमुरा वेचू लागल्या.

सव्वादहाला आला करंट.
पंखे, टीव्ही, सिद्रायचं "आलं, आलं",
समोरच्या दुकानाची पाटी,
वरची ओळ, खालची ओळ, एकदम.
जो तो आपला फोन उचलून जिना चढला.
मास्तरांचं "ती लहानपणीसुद्धा अशीच" एवढंच
पायरीवर राहिलं.

खोलीत आले तर नळ उघडाच,
बादली भरून वाहत होती.
नळ बंद केला. खिडकीशी गेले.
सगळं बेळगाव पेटलेलं,
माझी चौथी त्यात सापडेना.
काचेवर मीच दिसत होते, मागे ट्यूब.
तीनदा मोजलं.

मग दिवा मालवला.
पंखा तेवढा चालू ठेवला.