पासंग

गॅसच्या बिलाच्या पाठीवर बाबांनी उभी रेघ मारली.
डावीकडे खर्च:
तीन वर्षांची फी, लीड्समधली खोली,
खिडकी नीट लागत नव्हती म्हणून घेतलेला हीटर, एकोणतीस पौंड.
काही म्हणजे काही विसरत नाहीत.
उजवीकडे लिहिलं, पगार.
आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेर वुल्व्हरहॅम्प्टनचा रविवार.
समोर कॅलमची पांढरी व्हॅन, नवी.
तो माझ्याच वर्गातला,
सोळाव्या वर्षी शाळा सोडून बॉयलर दुरुस्त करायला शिकला.
त्याच्या पासंगालाही पुरत नाही तुझी कमाई,
बाबा म्हणाले. रागाने नाही.
डेपोतल्या रात्रपाळीचा हिशेब जुळला नाही
की ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

पासंग.
या घरात हा शब्द रोज लागतो तो मला.
मी काटे तपासते.
सुपरमार्केटचे, पोस्टाचे, खाटकांचे,
एकदा एका दवाखान्यातला, तान्ह्या बाळांचा.
निळ्या मखमलीत निजवलेली वजनं घेऊन हिंडते,
हातमोजे घालून उचलते;
बोटाचा घामसुद्धा भरतो वजनात.
गेल्या मंगळवारी डडलीच्या बाजारात
ग्रेंजरचा काटा किलोमागे चार ग्रॅम जास्त दाखवत होता.
त्याला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं.
कानापर्यंत लाल झाला.
किती वर्षं चाललंय हे, म्हणाला.
मी म्हटलं, ते काटा सांगत नाही.

शिक्षणाचं कर्ज पगारातूनच कापतात,
ठरावीक रकमेच्या वर नऊ टक्के.
तीस वर्षांनी उरेल ते माफ.
बाबांना हे माफ होणं पटत नाही.
कर्ज फिटतं, नाहीतर बुडतं;
आपोआप विरून जाणारं त्यांनी पाहिलेलं नाही.
किरणोत्सारासारखं समजा, मी म्हणते, अर्धायुष्य असतं ना.
कुणाचं, ते विचारतात.
उदाहरण तसंही चुकीचंच होतं.

हृषीकेशदादाने स्लाऊहून आलेख पाठवला होता,
फिजिक्सवाल्यांची सरासरी, दहा वर्षांनंतरची.
रेघ छान वर चढते.
त्या रेघेत बँकेत गेलेली पोरं आहेत,
मी आहे खालचं एक टिंब.
बाबांना एवढंच सांगितलं नाही
की बँकेत मीही गेले होते मुलाखतीला,
दोनदा.
दुसऱ्यांदा तर नवा कोट घेऊन.
तो डावीकडच्या यादीत यायला हवा.

पुढच्या आठवड्यात बाबा सांगलीला निघालेत.
हिशेब तसाच टाकून आम्ही बॅग भरली,
तिकडूनच आणलेल्या ताणकाट्याला ती लटकवली,
दोघांनी मिळून उचलली.
तेवीस किलो. काठोकाठ.
सांगलीत हीच बॅग सत्तर ग्रॅम कमी भरेल, मी म्हटलं.
का? वाटेत कोण काढणारे?
कोणी नाही. पृथ्वी तिथे जरा कमी ओढते.
बाबा काट्याकडे बघत राहिले. बॅग अजून हातातच.
यावर दिसेल?
नाही. शंभर ग्रॅमच्या आतलं तो काही बोलत नाही.
मग तुला कुठून कळलं?

मी सांगायला लागले. विषुववृत्त, फुगवटा, उंची,
बॅग खाली ठेवली तरी सांगत होते.
चहा निवला.
त्यांनी मध्येच तोडलं नाही, समजलं असंही म्हणाले नाहीत.

मग बिल पुन्हा पुढे ओढून
पेनाचं टोपण काढलं,
उजवीकडे, पगाराच्या खाली,
लिहिलं सत्तर.

एकक लिहिलं नाही.
आमच्या सरांनी अर्धा मार्क कापला असता.