फलकासाठी मजकूर

फेरी दर अर्ध्या तासाने, म्हणजे
रुझारचा चहा संपला की.
माणसं फुकट. स्कूटरचे सुट्टे ठेवा.

एटीएम चर्चच्या मागे आहे. नुसतंच आहे.

पाव हवा तर पोदेराच्या पोंय-पोंयला उठा,
उशीर झाला तर बिस्किटं.
दुपारी एक ते चार कुणाला काही विचारू नका.

खाजणाच्या मानशीवर उभं राहून फोटो नकोत.
भरतीला दारं आपटतात.
आपोलिनचा धाकटा तिथेच...
असो. फलकावर एवढंच लिहा: शेवाळ आहे.

शेवटची फेरी साडेनऊला. चुकली
तर पलीकडच्या धक्क्यावरून मोबाईलचा उजेड हलवा.
आपोलिन होडी काढतो, कितीही वाजता. पैसे घेत नाही.
पाण्यातूनच विचारील, "कोणाचो रे तूं?"
नाव मोठ्याने सांगा,
लगेच.
त्याला वाट पाहायला लावू नका.