पिवळी पन्नास

खडेबाजारातल्या दुकानात पोरगा म्हणाला,
मॅडम, झूम घ्या, जागचं हलायला नको.
मला तर हलायचंच होतं.
पर्समध्ये सोळा हजार,
तीन बारशांचे आणि एका साठीशांतीचे,
सगळे एकाच काचेत घालायचे होते.

पस्तीस की पन्नास, एवढाच प्रश्न.
पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान,
त्यावर पन्नास ही पन्नास राहत नाही,
पंच्याहत्तर होते,
चेहरा मावायचा तर मीच मागं सरायचं.
आणि वडगावातल्या घरांत
मागं सरलं
की पाठीला मागच लागतो.

शहापुरात मल्लाप्पा कडोलकर मास्तरांच्या स्टुडिओत
आता सुनेचं पिको-फॉलचं मशीन.
पडद्यावरचा रंगवलेला धबधबा तसाच,
त्याच्यापुढं साड्या टांगलेल्या.
कुंद्याच्या डब्यातून त्यांनी लेन्स काढली,
मलमलच्या फडक्यातली,
हातावर ठेवली तेव्हा
अडीचशेचं माप ठेवल्यासारखी वाटली.

"जपानी हाय. पन्नास, एक पॉइंट चार.
हिला मोटर न्हाई. फिरवायचं आन् थांबायचं."

उजेडाकडं धरली तर आत चहा,
दूध न घातलेला.
जुन्या काचेत थोरियम की काय असतं,
वर्षांनी पिवळं पडतं.
मास्तर हसले,
"माझा मोतीबिंदू दिवाळीत काढला. हिचा राहिला."

कड्यावर दोन ओळी कोरलेल्या,
फूट तांबड्यात, मीटर पांढऱ्यात.
तुम्ही कुठले आकडे बघायचा, मी विचारलं.
"कुठलेबी बघ की. म्होरचा माणूस
हाय तिथंच बसलेला असतोय."
बाहेर एका दुकानाची पाटी उतरवायला
शिडी लावली होती.
आम्ही दोघांनी तिकडं बघितलं,
मग पुन्हा लेन्सकडं.

सातशे रुपयांची पितळी रिंग मध्ये घालून
ती माझ्या कॅमेऱ्यावर बसली,
थोडी कुरकुरली, बसली.
शेजारी निंगव्वा कांड्या भरत होती.
मी फिरवत राहिले,
स्क्रीनवरची लाल कड
तिच्या कपाळावर, नाकावर, मग चाकावर.
"आयतेनवा?"
नाही, अजून नाही.
"आयतेनवा?"
शेवटी दाबलं. डोळे हुकले.
सूत मात्र एकेक मोजावं असं,
आणि मागचा उजेड
तेलात पडलेल्या पाण्यासारखा गोल गोल.

दुसऱ्या दिवशी मी पस्तीसच घेतली,
नवी, हलकी, डोळा स्वतः शोधणारी.
मास्तरांना सांगायला गेले,
तोंडात शब्द जुळवत.
ते म्हणाले, "ब्येस केलंस.
बाळ काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?"
मग डबा पुढं सरकवला.
"तेवढी ही उन्हात ठेव. आमच्या दाराला ऊन न्हाई,
समोर तीन मजले चढलेत."

तेव्हापासून ती आमच्या गच्चीवर,
खाली ॲल्युमिनियमचा कागद,
शेजारी सांडग्यांची परात.
कावळा दोघांवरही सारखाच लक्ष ठेवतो.
संध्याकाळी पांढऱ्या वहीवर धरून बघते:
चहा.
चार दिवसांनी उसाचा रस.
मग ताकाची निवळी.
बारशी पस्तीसवर चाललीत,
एकही डोळा हुकलेला नाही,
आणि रात्री फोटो निवडताना
मी भराभर पुढं जाते.

रविवारी मास्तरांचा फोन.
"कुठवर आली गं?"
लेन्स माझ्या मांडीवर होती,
कालपासून पाण्यासारखी स्वच्छ.
खालच्या अंगणात एक बाई
पाटावर बसून केस वाळवत होती,
मी तिच्यापर्यंत कडं फिरवत आणलेलं,
अजून एक केसभर बाकी.

पिवळीच आहे हो अजून, मी म्हटलं.

पलीकडं मशीनचा आवाज. मग ते म्हणाले,
"असू दे. ऊन लई हाय यंदा."