तिसरा हूक

फर्मागुडीच्या टेकडीवर, वर्कशॉपच्या सुतारकोपऱ्यात
रंधा असायचा तिथं आता प्रिंटर बसतो.
मी तीस वर्षं ओतकामासाठी सागाचे पॅटर्न तासले,
पोरांना सांगत आलो, चूक करायची तर कागदावर करा,
लाकूड महाग आहे.
आता म्हणतो, करा रे, चुका करा.
जीभ अजून अडखळते.

आन्सेल्म बार्रेतोचा बाप रेंदेर, कुडतरीचा.
माडावर चढताना काती कमरेला, पाठीमागं.
वाकला की पातं मांडीला लागतं.
पोरानं स्क्रीनवर हूक काढला,
रात्री छापायला टाकला,
सकाळी प्लेटीवरून सोलून खिशात घालून गेला.

पहिल्याच माडावर मोडला.
थराच्या रेषेत, सरळ,
कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा.
दोन्ही तुकडे हातात घेतले आणि मला सागच आठवला:
रेशाला आडवं ओढलंस तर फाटणारच, बाबा.
उभा कशाला छापलास? झोपव त्याला.

दुसरा नऊ दिवस टिकला.
मग आतल्या कोपऱ्यात केसाएवढी चीर.
मी नखानं दाखवली.
तो म्हणाला, गोलाई द्यायची राहिली, सर.
मी काहीच बोललो नव्हतो.

तिसऱ्याचा बापाला विसर पडला.
कमरेला आहे हेच विसरला.
याहून मोठी पसंती मला ठाऊक नाही.

तरी तोंडी परीक्षेत विचारलंच:
हजार करायचे तर?
प्रिंटर सगळं खपवून घेतो, साचा नाही घेत.
हे नाक आत वळलंय, साचा उघडणार कसा?
पंधरा दिवस बसला.
बाजूंना दीड अंश उतार दिला,
नाकाखाली खिडकी ठेवली,
दोन पोलादी अर्धुकं त्या खिडकीतून
एकमेकांना भेटून सुखरूप परत जातील अशी.
मी चष्मा काढून पुसला.

बाप दाराशी उभा होता, फी भरायला आलेला.
ऐकत होता. म्हणाला,
"हजार कोणाक रे? वाड्यार आमी तीगच उरल्यांव."

रजिस्टरात रकाना आहे: उत्पादनास योग्य.
तिथं टिंब देऊन पेन तसंच राहिलं.
बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

शेवटी गुण भरले. कुलूप लावण्याआधी
प्रिंटरवर दोन हूक टाकले.
सकाळपर्यंत होतील.
झोपवूनच टाकलेत.