चार

थंडर बे. उणे एकतीस.
तळघरात उपड्या बादलीवर
आइली कोस्केला, वय एक्क्याऐंशी,
भट्टीकडे कान देऊन.

पंखा घरघरतो. टिक्.
इग्नायटर नारिंगी होतो,
गॅस सुस्कारतो, ज्योत धरते,
एक, दोन, तीन,
विझते.

तिसऱ्या खेपेला भट्टी रुसते,
नुसता लाल दिवा मिचकावते.
रेइनो असता तर लाथ घातली असती,
आणि पेटलीही असती मेली.

शेजारचा ओरेस्ट खटका पाडतो,
टॉर्च दातांत धरून वाकतो.
"पेटतेय की नीट. तिला कळत नाहीये, एवढंच."
करंगळीएवढी कांडी काढतो बाहेर.
ज्योतीत उभं राहून 'आहे' म्हणायचं,
बाकी काम नाही हिला.
अंगावर पांढुरकी पुटं,
किती हिवाळ्यांची कोण जाणे.

आइली तारेची घासणी आणते.
"दे इकडे. तुझे हात जड आहेत."
घासते, पाहुण्यांचा चमचा घासावा तशी,
पुसते, उजेडात धरते, परत पुसते.

खटका. पंखा. टिक्. नारिंगी. सुस्कारा.
एक, दोन, तीन
चार.
ओरेस्ट बोलत नाही.
पंधरापर्यंत ती मोजतच राहते,
फिनिशमध्ये, ओठांतल्या ओठांत.

वर, जमिनीतल्या जाळीवर
वाळत घातलेला मोजा
जरासा हलतो.