तिसऱ्या पाण्याचा लाल

मौनिकानं पुण्याहून पाकीट आणलं
सुकलेल्या लाल फळांचं,
आजोबांच्या डोळ्यांना चांगलं म्हणून.
गोजी म्हणे.
मी म्हटलं, पुढं एक अक्षर जोडलं असतं
तर गोजिरी तरी झालं असतं.

ह्यांनी चार खाल्ली.
पाचवं रात्रभर वाटीत भिजत घातलं,
सकाळी नखानं फोडलं,
आत मिरचीचं असावं तसं बी, पण बारीक,
मोजून एकोणीस.

चाळीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस,
कोपरापर्यंत निळा, कधी जांभळा;
लग्नात हळद लागली तर हात हिरवे झाले होते.
तो आता नॅप्थॉलच्या रिकाम्या डब्यात
माती, शेणखत, पडक्या भिंतीचा चुना कालवत बसला.
म्हणाला, "ह्याला खारी जमीन चालते. ऊन चालतं. पाणी कमी चालतं."

चालतं म्हणजे काय, ते मला विचारा.
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो.
सहा घागरी, दोन पिंपं, एक बादली,
त्यातला तांब्या रोज गच्चीवर चढायचा
आणि मी खाली हजार विड्या वळता वळता
पायरीवर सांडलेले थेंब बघायची.
भांडले. दोनदा.
तिसऱ्यांदा अबोलाच धरला.
मग तांदळाचं पहिलं धुवण बाजूला ठेवू लागले.
ते मात्र सांगितलं नाही.

एप्रिलात स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला असतो.
चव्वेचाळीस झालं त्या आठवड्यात
झाडानं पान न् पान टाकलं,
उरल्या नुसत्या काट्या.
अंबूबाई दुडम कठड्यावरून म्हणाली,
"राजेशममामा, खराट्याला पाणी घालताय होय?"
हे काही बोलले नाहीत.
कारखान्यातून नापास होऊन आलेली चादर काढली,
मोर उलटा विणला गेलेली,
आणि चार बांबूंवर बांधली.
सगळा उन्हाळा तो खराटा
उलट्या मोराच्या सावलीत उभा.

जूनमध्ये ढग नुसतेच येऊन गेले,
तेवढ्या गारव्यावर फुटला.

पुढच्या दिवाळीनंतर फुलं आली,
वांग्याच्या फुलाच्या धाकट्या भाचीसारखी, जांभळी,
आणि गड्ड्याची यात्रा उठली तेव्हा फळं.
मौनिकानं फोनवर वाचून दाखवलं:
हातानं तोडायचं नाही, बोट लागलं की काळं पडतं.
खाली कापड पसरायचं, फांदी हलवायची.

हसलेच मी.
माझी बोटं, न बघता पान कापणारी,
तंबाखू भरून तोंड दुमडून दोरा गुंडाळणारी;
आणि ह्यांची, ज्यांनी किती घरांच्या चादरींचं सूत
उकळत्या हौदात बुडवलं असेल.
चार हात गच्चीवर,
आणि एकाचंही काम नाही.

तीच चादर सोडून खाली पसरली.
मी फांदी हलवली, काटा लागला.
बुलबुलांनी आधीच निम्मी नेली होती;
पडली अकरा.
विड्यांचा एक कट्टाही होईना.

हे वाकले, अगदी नाक टेकेपर्यंत वाकले.
मग विचारलं, "कोणता लाल?"

गेल्या वर्षापासून सदऱ्याचा रंगही विचारून घालतात,
मला ठाऊक होतं.
लाल म्हणजे लाल, असं अगदी जिभेवर आलेलं,
ते गिळलं.
"लडी तिसऱ्या पाण्यातून काढून
उन्हात धरली की दिसतो ना, तो."
"ओली?"
"ओली. अजून ठिबकणारी."
"हं," म्हणाले. "मग पक्का आहे."

तेवढ्यात खालून ओरडा झाला, नळ आला,
आणि मी घागरी घेऊन धावले.

रात्री पदर झटकला तर एक फळ निघालं,
चेपलेलं, काळं.
खाल्लं.
आधी गोड, मागून कडवट.
बिया थुंकून वाटीत ठेवल्या आहेत.
रिकामा डबा अजून एक आहे घरात,
निळ्याचा.